निनावी फॉर्म

संशोधन संस्थेत प्रयोगांसाठी काचेच्या नळ्या फुंकून घडवणारा माणूस एकच, सगळ्यांचा काचमामा. ‘इथे काम करतानाचा अनुभव मोकळेपणाने लिहा, नाव लिहू नका,’ असा फॉर्म आला, तेव्हा मामाने मनातली सगळी मळमळ ओकली. “भट्टीवरचा धूर ओढणारा पंखा दोन वर्षं बंद आहे. अकरा अर्ज दिले. इथे उंदरांनासुद्धा एसी आहे, माझा मात्र जीव गुदमरतोय.” खाली हुद्दा विचारला होता. बापड्याने तोही खरा लिहिला.

आठवड्यातच संचालकांनी बोलावलं. “मामा, संस्थेची लक्तरं वेशीवर टांगलीत तुम्ही!”

मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “लक्तरं आहेत म्हणून टांगली ना! पंख्याचं काय?”

संचालकांनी फॉर्म पालथा घातला. “फॉर्म निनावी आहे. पंखा कुठल्या खोलीतला, हे आम्हाला कसं कळणार?”

“वा रे वा! झापायला माणूस बरोबर सापडला, आणि पंख्याला खोली सापडत नाही?”

मामाने त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं, फॉर्म सुलटा केला, हुद्द्याशेजारी स्वतःचं नाव ठसठशीत लिहिलं आणि वर मथळा दिला: अर्ज बारावा.