टू-एचचा घाणा

पेन्सिलीच्या पोटातल्या काडीला लोक शिसं म्हणतात. शिसं कुठलं आलंय डोंबलाचं! ग्रॅफाइट आणि चिकणमाती, बस. माती जास्त तर काडी कडक, रेघ फिकी, ती एचची. माती कमी तर काडी मऊ, काळीभोर, ती बीची. ते प्रमाण आमच्या कारखान्यात बावीस वर्षं मी जमवतेय आणि एका वेळी मळलेल्या मालाचा, माझा एकही घाणा कधी परत आलेला नाही. मोठेपणा नाही सांगत, खरं तेच सांगते.

त्यात माझी लेक तपासणी खात्यात लागली. अजून कायम व्हायची होती. तिसऱ्याच आठवड्यात तिच्यापुढे माझा टू-एचचा घाणा आला, नकाशे काढणाऱ्यांच्या ऑर्डरचा. पोरीनं भट्टीतून निघालेल्या दहा काड्या कागदावर ओढल्या, रेघांवरून अंगठा फिरवला आणि चिठ्ठीवर लिहिलं, नापास.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिला अंगठा फिरवायला मी शिकवलं, ती मला शिकवणार?

सुपरवायझर धावत आले. त्यांनी आधी गोडीनं समजावलं, की मावशींचा हात चुकत नाही, तुझाच अंगठा घामेजला असेल. मग दम भरला, की माल अडवलास आणि चुकीची ठरलीस, तर कायम व्हायचं विसर. सगळं खातं काम टाकून बघत होतं. मी मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, जिरू दे एकदाची.

पण पोरीनं चिठ्ठी काही फाडली नाही.

"ही रेघ हात लागला की पसरते," ती म्हणाली. "ज्याचा नकाशा खराब होईल त्याला काय सांगू, आमच्या आईचा हात चुकत नाही म्हणून?"

मी उठले. एक काडी घेतली, रेघ ओढली, अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला. टू-एच कुठलं, हे तर सरळ एचबी, शाळेच्या वहीतलं. मग डोक्यात उजेड पडला. हा घाणा मळला तेव्हा मातीचं पोतं आदल्या दिवसापासून पावसाळी हवेत उघडं होतं. दमट झालेली माती न वाळवता मी तशीच तोलली, तराजूत पाणीही बसलं आणि माती पडली कमी. नवशिक्यानं करावी अशी चूक, आणि माझ्या हातून!

सुपरवायझर माझ्याकडे आशेनं बघत होते. मी नुसती मान हलवली असती तर माल पुढे गेला असता, आणि पोरगी घरी.

"चिठ्ठी बरोबर आहे," मी म्हणाले. "खाली माझीही सही घ्या."

नापास मालाच्या फळ्यावर माझ्या नावापुढे पहिली फुली पडली. बायका हळहळत आल्या, की पोटच्या पोरीनं असं करावं का. माझे डोळे भरलेले बघून त्यांना वाटलं, मला लागलं. अगं, ऊर भरून आला होता माझा, त्यांना काय सांगू!

सुट्टी झाल्यावर फाटकावरच्या वॉचमनला मी आपणहून थांबवलं. बिचाऱ्यानं काही विचारलंही नव्हतं.

"ऐकलंस का," म्हटलं, "माझ्या लेकीनं आज मला नापास केलं."