चिंबोरीच्या तोंडावरचं नाव

डोळे मिटा पाहू जरा. समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. हातभर लांब लाल पत्र्यावर, पिवळ्याधमक अक्षरांत, तुमचं नाव रंगवलंय आणि तो पत्रा एका गाडीच्या तोंडावर लावलाय. गाडीही अशी, की तशी दुसरी अख्ख्या गावात नाही. ती निघाली की सगळी आळी तुमचं नाव वाचते. कसं वाटेल? जसं वाटेल तसं मनात धरून ठेवा, कारण काल्हेरच्या मृणालीला अगदी तसंच वाटत होतं.

गाडी तिच्या आजोबांची, केसरीनाथ आबांची. फुगीर चार चाकं, मध्ये मोटरसायकलसारखी सीट, हातात हँडल. कागदावर ती क्वाड बाईक होती. पण चिखलातून सरसर जाणारा तो बुटका, रुंद अवतार पाहून पोरांनी तिला चिंबोरी म्हणायला सुरुवात केली. खाडीकाठी खेकड्याला चिंबोरीच म्हणतात.

आबांचा गुडघा गेला तेव्हा देवेशकाकानं ती एका बंद पडलेल्या रिसॉर्टवरून आणली. घरची बरीचशी जमीन एव्हाना गोडाऊनांखाली गेली होती. उरलं होतं ते खाडीला लागून असलेलं खाजण, म्हणजे खारट दलदलीची जमीन, आणि त्यातलं कोळंबीचं तळं. तळ्याला उघाडी होती, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायची नि अडवायची लाकडी झडप. भरतीच्या वेळी तिथं जाऊन ती बघावी लागते. तळ्याकडे जाणाऱ्या मातीच्या बांधावर रिक्षा येत नाही, मोटरसायकल रुतते. चिंबोरी मात्र जायची, आणि तिच्यावर बसून आबाही जायचे.

दसऱ्याला आबांनी ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडून तो पत्रा करून घेतला आणि गाडीच्या दिव्याखाली चार नटांनी घट्ट बसवला. वर झेंडूची माळ घातली. म्हणाले, "सातबाऱ्यावरनं आपलं नाव पुसलं गो बाय. पन बांधावर तुजं नाव फिरंल."

मृणाली त्या दिवशी तीनदा आळीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. लांबून वाचता येतं का, ते बघायला.

दिवाळी सरली आणि चिंबोरी तापायला लागली. अर्ध्या बांधावर जळका वास यायचा, इंजिन गुरगुरायचं आणि बंद पडायचं. वाल्मीक मेस्त्रीनं ऑईल बदललं, इंजिनावरचा वाळका चिखल खरवडून काढला. मृणाली शेजारी उकिडवी बसून बघत होती. इंजिनाच्या अंगावर पातळ पातळ पट्ट्या होत्या, एकीला लागून एक.

"ह्या कशाला?" तिनं विचारलं.

"माशाला कल्ले असतात ना? तसे हे इंजिनाचे कल्ले. ह्या गाडीत थंड करायला पाणी नसतं. वारा पट्ट्यांमधून जातो नि ताप घेऊन जातो. चिखलानं कल्ले बुजले की इंजिन गुदमरणार." त्यानं फडक्याला हात पुसले. "आता न्हाय तापायची."

पण ती तापली. दुसऱ्याच दिवशी, बांधाच्या मधल्या वळणावर. आबा गाडी चालवत होते, मृणाली मागे बसली होती. गोडाऊनच्या बाजूनं देवेशकाका पँट वर दुमडत आला. तळ्यातून डबा भरून त्यानं तो इंजिनावर उचललाच होता.

"अरे, थांब!" आबा ओरडले. "लालभडक तव्यावर गार पानी मारतंस? चीर पडंल! इंजिन आपसूक थंड होऊ दे. तिचं तोंड वाऱ्याकडं करा."

तिघांनी ढकलून गाडी खाडीच्या वाऱ्यासमोर उभी केली. काकानं डबा फेकला.

"बस झालं आबा. आज शेवटचं. उद्या गिऱ्हाईक येतंय गाडी बघायला."

"नि उघाडी?"

"कसली उघाडी! गोडाऊनवाले तळ्यात भराव टाकायला तयार हायेत. तू घरी बस आता आरामात. टीव्ही बघ."

"आराम काय, सरणावर करायचाच हाय," आबा म्हणाले आणि खाली बसून गुडघा चोळू लागले. त्यांची नजर तळ्यावरून हलत नव्हती. मृणालीला कळलं, गाडी गेली की आबा परत इथं येणार नाहीत.

वारा चांगला भरारत होता. तिचे केस तोंडावर येत होते. केस मागं सारून तिनं इंजिन निवलं का बघायला हात जवळ नेला आणि ती थबकली. तिथं वारा नव्हता! तोंडावर एवढा वारा आणि हाताला काहीच नाही?

तिच्या मनगटावर कामतघरच्या कापडाच्या लूमवरच्या सुताचा गोफ होता, मैत्रिणीनं विणलेला. त्यातला एक धागा तिनं ओढून काढला आणि चिमटीत धरून पत्र्याच्या कडेला नेला. धागा फडफडला. मग पत्र्याच्या मागे, कल्ल्यांपाशी नेला. धागा सरळ खाली लोंबकळला. पुन्हा कडेला धरला, फडफडला. पुन्हा मागे, गप्प.

मुलांनो, तिला सगळं समजलं. आबा बांधावर हळू चालवायचे, म्हणजे वारा मुळातच थोडा. तेवढाही समोरच अडत होता. वाल्मीकनं कल्ले साफ केले, पण त्यांच्यापुढचं दार बंदच होतं. आणि त्या दारावर पिवळ्याधमक अक्षरांत लिहिलं होतं: मृणाली.

कितीतरी वेळ ती धागा बोटाला गुंडाळत, सोडत उभी राहिली. कुणाला काही कळलं नव्हतं. कुणी विचारतही नव्हतं. आळीतली पोरं उद्याही तिचं नाव वाचतील, निदान गाडी विकेपर्यंत. मग कोण कुठला माणूस तिच्या नावाची गाडी घेऊन जाईल.

तिनं सीटखालचा पाना काढला.

"आता काय खेळतेस?" काका म्हणाला.

"हा पत्रा काढते. वारा अडतोय ह्याच्यानं."

आबा ताडकन उभे राहिले. गुडघा दुखतोय हेही विसरले. "न्हाय हां! गाडी गेली तर जाऊ दे. तुजं नाव काढायचं न्हाय."

तिनं आबांच्या चिमटीत धागा दिला, त्यांचा हात धरून आधी पत्र्याच्या कडेला नेला, मग मागं कल्ल्यांपाशी. आबांनी धाग्याकडे पाहिलं. स्वतःच हात पुढे नेला, मागे आणला. दोनदा. देवेशकाकाही वाकून बघायला लागला.

"च्यायला," तो पुटपुटला.

"म्या माळ घातली," आबा हळूच म्हणाले, "नि म्याच श्वास कोंडला गो तिचा."

"मागच्या बाजूला लाव ना आबा. मागून येणारे वाचतील."

"कल्ल्यांपासनं लांब?"

"लांब."

आबांनी दोन्ही हातांनी पत्रा खालून तोलून धरला, पडून पोचा येऊ नये म्हणून. आणि मृणालीनं पाना पहिल्या नटाला लावला. नट गंजून बसला होता. तिनं पाय बांधात रोवले आणि सगळं अंग टाकून तो फिरवला.