उजव्या बुटातला कापूस

आमचं दुकान लहान मुलांच्या बुटांचं, पण सगळा कारभार ऑनलाइन. म्हणजे काचेचं कपाट नाही, मापाचं स्टूल नाही, भोकाड पसरणारं पोर नाही. दोन खोल्या आहेत. आतल्या खोलीत छताला टेकलेली खोकी, बाहेरच्या खोलीत मी आणि माझा कॉम्प्युटर. दुकान माझ्या धाकट्या नणंदेचं, आणि मी तिच्याकडे चालू ऑर्डरी सांभाळते. एकदा नाव नोंदवलं की दर चार महिन्यांनी नवा जोड घरपोच जातो, तक्त्याप्रमाणे एकेक नंबर वाढवून. कुणाला एखादी खेप वगळायची असते, कुणाला पुढे ढकलायची असते, कुणी घर बदलतं, आम्हाला कळवत नाही आणि वर माझ्यावरच डाफरतं. माझ्याही नाकावर राग असतो, नाही असं नाही. पण नियमाच्या बाबतीत कुणी माझ्याकडे बोट दाखवू शकणार नाही.

दोन वर्षांपासून एक काकू आमच्याकडून आपल्या नातीला बूट पाठवत होत्या. नात मुलाची, पत्ता मुलाच्या घरचा. मुलाशी बोलणं बंद होतं. का, ते त्यांनी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं होतं. सुनेला नको ते बोलल्या, जीभ घसरली, आणि मुलगा आठ दिवसांत सामान घेऊन गेला. फोन केला तर उचलायचा नाही. बूट मात्र परत आले नाहीत, एवढ्याच धाग्यावर त्या होत्या.

खेप निघायच्या आधी गिऱ्हाइकाला आमच्याकडून आपोआप निरोप जातो. त्यातलं बटण दाबलं की काम संपतं. काकू बटण दाबायच्या नाहीत, फोन करायच्या. खोकं पोचलं की पुन्हा फोन. कुणी घेतलं, सही कुणाची आहे, सही कशी आहे. एकदा त्यांनी त्या सहीचा फोटो मागितला. मी नियम पुढे केला. त्या बरं म्हणाल्या, आणि मला उगीचच चोरट्यासारखं झालं.

मध्यंतरी मी सगळ्यांचे फोन नंबर तपासत होते. काकूंना विचारलं, नंबर बदललाय का? त्यांनी कंपनी बदलली होती, पण नंबर तोच ठेवायला तीन चकरा मारल्या होत्या. म्हणाल्या, "नंबर नाही हं बदलायचा. माझ्या मुलाला तो पाठ आहे."

सातवी खेप गुरुवारी निघायची होती. सोमवारी सकाळी काकूंचा फोन आला आणि त्यांनी ऑर्डर बंद करायला सांगितलं. आवाज अगदी सरळ होता, तेच मला आवडलं नाही. म्हणाल्या, सहा जोड गेले, पण बरोबर बसतात की सैल होतात, एवढंसुद्धा कुणी कळवलं नाही. घालत नसतील. कुठल्या तरी कपाटावर पडले असतील. कशाला त्यांना अडचण?

ऑर्डर बंद करताना कारण निवडावं लागतं, त्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. मी त्यांना यादी वाचून दाखवली. मूल मोठं झालं. दुसरीकडून घेतो. माल आवडला नाही. त्या ऐकत राहिल्या.

"यातलं एकही नाही गं," त्या म्हणाल्या. "तूच काहीतरी लिही."

‘इतर’ म्हणून एक रिकामा चौकोन असतो. दिवसातून चार-पाच वेळा मी त्यात काहीबाही खरडते. त्या दिवशी हात चालेना. मी पान तसंच उघडं ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागले. काकूंना मात्र बंद केली म्हणून सांगून मोकळी झाले होते.

मंगळवारी मापांचे निरोप बघायला बसले. आमच्या प्रत्येक खोक्यात एक कार्ड असतं. पुढच्या खेपेआधी माप बदलायचं असेल तर त्यावरून कळवता येतं. त्यात काकूंच्या मुलाच्या घरून निरोप होता. माप अठ्ठावीस करा. खाली दुकानासाठी टीप: "मुलीचा डावा पाय मोठा आहे. डाव्याच्या मापाने पाठवा. उजव्या बुटात आम्ही पुढे कापूस घालतो."

मी दोनदा वाचलं. मग पहिला विचार आला की दोन वर्षं हे लोक मूग गिळून गप्प का बसले? आणि लगेच दुसरा, की त्यांच्यापर्यंत आपलं कार्ड पोचत तरी होतं का? मी उठून आत गेले, पॅकिंगच्या कागदांची चळत काढली. भेटीच्या खोक्यात किमतीचं बिल जाऊ नये म्हणून मीच कधीतरी एक सूचना घालून ठेवली होती: ‘भेट असल्यास कागद नको.’ आमची पॅकिंगवाली बाई शिस्तीची. कागद नको म्हणजे कागद नको. बिलाबरोबर तिने मापाचं कार्डही वगळलं होतं. एकदा नाही, ओळीने पाच खेपा. मागच्या वेळी ती रजेवर होती आणि खोकं नणंदेने भरलं होतं. तिने सवयीने कार्ड टाकलं. दोन वर्षांत त्या घरात गेलेलं ते पहिलं कार्ड, आणि बूट घट्ट व्हायला लागताच त्यांनी उत्तर दिलं होतं.

मी कपाळाला हात लावला. नणंदेला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "वहिनी, आधी त्यांना फोन कर."

ऑर्डर बंद झाली असती तर तो निरोप माझ्यापर्यंत पोचलाच नसता, आल्या पावली परत गेला असता. एका रिकाम्या चौकोनामुळे वाचला. मी फोन लावला. आधी कबुली दिली, ऑर्डर अजून बंद केलेली नाही आणि कार्डांची चूक माझी, हे दोन्ही. मग मी म्हटलं की तिकडून माप बदलून मागितलंय, अठ्ठावीस.

"म्हणजे घालते ती?"

"घालते. घट्ट होईपर्यंत घातलेत."

दुकानासाठी लिहिलेली टीप भेट पाठवणाऱ्याला सांगायची नसते. हा नियमही मीच भिंतीवर चिकटवलाय. त्या कागदाकडे पाठ केली आणि टीप शब्द न् शब्द वाचून दाखवली.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"कापूस मी घालायचे," काकू हळूच म्हणाल्या. "माझ्या मुलाचा डावा पाय मोठा. वर्गात हसतील म्हणून तो कुणाला सांगू द्यायचा नाही. रोज सकाळी दार लावून घेऊन मी त्याच्या उजव्या बुटात कापूस भरायचे. हे त्यानेच लिहिलंय गं. त्याच्याशिवाय कुणाला माहीतच नाही."

मी रडूबाई नाही. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांना धार लागली, ते लपवण्यात अर्थ नाही. ऑर्डर चालूच ठेवू ना, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, विचारतेस काय.

भेटीबरोबर चार ओळींचा मजकूर पाठवता येतो. सहाही वेळा त्यांनी ती जागा कोरी ठेवली होती, शब्द सुचत नाहीत म्हणून. या वेळी मी पुन्हा विचारलं. मला वाटलं, माफी मागतील, काही मोठं बोलतील. त्यांनी सांगितलं ते असं: "कापूस दबतो. दर रविवारी बदलत जा. फार ठासून भरू नकोस, तिची बोटं दुखतील." सही म्हणून काय लिहू, विचारलं, तर सही नको म्हणाल्या.

गुरुवारचं खोकं मी स्वतः भरलं. चिठ्ठी उजव्या बुटात ठेवली, कार्ड वर ठेवलं, आणि ती शहाणी सूचना खोडून टाकली.

शनिवारी खोकं पोचल्याची नोंद आली. काकूंचा फोन आला नाही. रविवारी दुकान बंद असतं. सोमवारी उघडल्या उघडल्या मी मापांचे निरोप काढले. काकूंच्या मुलाच्या घरून रविवारी सकाळी निरोप आला होता. मापाच्या जागी लिहिलं होतं, बरोबर आहे. खाली टिपेच्या जागी: "कापूस बदलला. एक विचारायचं होतं. पाठवणाऱ्यांचा फोन नंबर जुनाच आहे का?"

गिऱ्हाइकाच्या नंबराबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मी नणंदेकडे पाहिलं. ती खोकी मोजण्यात फारच गुंतली होती. मी उत्तर लिहिलं, "तोच आहे," आणि पाठवून दिलं.

अर्ध्या तासाने खोकं पोचल्याचं सांगायला मी काकूंना फोन लावला. त्या दुसऱ्या फोनवर बोलत होत्या. थोड्या वेळाने पुन्हा लावला, तरी बोलतच होत्या. दुपारी जेवून आले आणि आणखी एकदा लावून पाहिला. नंबर अजून व्यस्तच होता.