निळ्या शाईच्या एकोणीस काचा

काचांच्या भांडारात तापमान अठरा अंश आणि हवेतला ओलावा चाळीस टक्क्यांच्या आत, हा नियम गेली सहा वर्षं मोडलेला नव्हता. आकाशाचे जुने फोटो असलेल्या अकरा हजार चारशे काचा तिथल्या पोलादी कपाटांत होत्या. प्रत्येक काच नव्या पाकिटात, लांब कडेवर उभी. एकीचा भार दुसरीवर पडता कामा नये.

भांडार सांभाळणाऱ्या बाईंना सगळे काचताई म्हणत. त्यांचे सासरे याच वेधशाळेत निरीक्षक होते. निम्म्या काचा त्यांनीच काढलेल्या.

इथल्या माणसांच्या बोलण्यात काचेला पाठ आणि पोट असतं. पोटावर रसायनाचा थर, त्यात तारे काळे ठिपके होऊन बसलेले. पोटाला कुणी हात लावत नाही. पाठ म्हणजे नुसती काच. जुने निरीक्षक पाठीवर शाईने खुणा करत: तेज बदलणाऱ्या ताऱ्याभोवती गोल आणि शेजारी आकडा. आता सगळ्या काचा स्कॅन व्हायच्या होत्या. शाईखाली तारे झाकले जातात, म्हणून आधी पाठ पुसावी लागे. लाल शाई निरीक्षकाची. तिचा फोटो काढून ठेवायचा आणि मगच पुसायची. निळी शाई मोजदाद करणाऱ्या कारकुनाची. त्याचे आकडे रजिस्टरात असतच, ती थेट पुसायची.

गुरुवारी काचताईंनी एका हिवाळ्यातल्या एकोणीस काचांच्या पाठी पुसल्या. सगळ्यांवर निळी शाई होती. शुक्रवारी सकाळी पाकिटांवरचे क्रमांक ताडून बघायला त्यांनी त्या वर्षाचं रजिस्टर उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात सासऱ्यांच्या अक्षरात एक ओळ होती: ‘लाल शाई संपली. पुढील खुणा निळीने.’

काचताई खुर्चीत बसल्या. सासऱ्यांची त्या हिवाळ्याची वही खणातच होती. ‘तीन स्थिर. सात मंदावला. बारा वाढला.’ तीन कोण, सात कोण, बारा कोण, हे फक्त काचांच्या पाठींवर होतं. त्याशिवाय ती वही म्हणजे नुसते आकडे.

“चेहरा का उतरलाय?” स्कॅनर चालवणाऱ्याने विचारलं.

“एकोणीस काचा पुसल्या मी.”

“त्या पुसायच्याच होत्या की.”

“खुणा निरीक्षकाच्या होत्या.”

त्याने स्कॅनर थांबवला. “सासऱ्यांना सांगणार? त्यांना कुठे दिसतंय आता.”

“दिसत नाही. ऐकू येतं.”

दुपारच्या सुट्टीत त्या घरी गेल्या. सासरे चौऱ्याऐंशीचे. त्यांना समोरचं दिसत नसे, कडेचं थोडं दिसे. त्यामुळे ते रुसल्यासारखी मान वळवून बोलत. काचताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

“कोणत्या हिवाळ्यातल्या?”

त्यांनी वर्ष सांगितलं.

“तुझ्या नवऱ्याला गोवर निघाला तो हिवाळा,” सासूबाई आतून म्हणाल्या. “पोरगं तापाने फणफणलेलं, आणि हे घरी येऊन मला सांगतात, सात मंदावला. बरं झालं पुसलं ते.”

“तू जरा थांब.”

“चाळीस वर्षं थांबलेच आहे.”

सासऱ्यांनी मान सुनेकडे, म्हणजे तिच्यापासून दुसरीकडे, वळवली. “कशाने पुसलंस?”

“मऊ सुती कापड. अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं.”

“किती हात?”

“एकच. दुसरा सोमवारी देणार होते, स्कॅनच्या आधी.”

“मग चल. मला घेऊन चल.” ते काठी शोधू लागले. “शाई गेली तरी तिच्या जागेवर वाफ वेगळी धरते. माझ्याकडून नको ती खूण पुसली गेली की मी पाठीवर हाऽ करायचो. दोन सेकंद दिसते.”

“मामंजी, ओलावा नको म्हणून मी माणसांना भांडाराबाहेर छत्र्या ठेवायला लावते. आणि आता काचेवर फुंकर मारू?”

“फुंकर नाही. हाऽ. आरशावर करतो तसा. फुंकरीने थुंकी उडते.”

काम भांडारात केलं नाही. शेजारच्या खोलीत केलं. तिथली हवा भांडाराइतकीच थंड आणि कोरडी ठेवलेली असते. कॅमेरा स्टँडवर लावला, दिवा एका बाजूने. स्कॅनरवाल्याचं बोट बटणावर. काचताईंनी पहिली काच कडांना धरून उभी केली, पाठ स्वतःकडे घेतली आणि श्वास सोडला. करडा डाग पसरला. डागात एक गोल, शेजारी आकडा.

“घे!”

कॅमेरा वाजला. डाग विरला.

“काय होतं?” मामंजी भिंतीशी स्टुलावर बसले होते.

“गोल. आणि तीन.”

“खाली, डावीकडे?”

“हो.”

“बरोबर आहे.”

दुसरीवर अर्धाच गोल उमटला. तीनदा वाफ द्यावी लागली. तिसरी आणि चौथी स्वच्छ दिसल्या. मामंजींचा आवाज आता जरा चढला होता. पाचव्या काचेचा क्रमांक ऐकून ते पुढे सरकले.

“हिच्यावर सात आहे. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते हिच्यावर.”

काचताईंनी वाफ दिली. डाग सगळीकडे सारखा आला. दिवा सरकवला, पुन्हा दिली. पुन्हा सारखाच. स्कॅनरवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि नुसतीच मान डोलावली: ‘हो’ म्हणा. जागा तर मामंजींनी स्वतःच सुचवली असती, पहिल्या काचेसारखी. म्हाताऱ्याने लगेच मानलं असतं.

“दिसला ना?”

“नाही, मामंजी. काहीच नाही.”

“पुन्हा कर.”

त्यांनी केलं. “नाही.”

“हिलाच जास्त घासलंस?”

“हीच पहिली पुसली होती. नवं कापड होतं. नीट पुसली.”

स्कॅनरवाल्याला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात घातलं.

“सुनेने काम नीट केलं,” मामंजी म्हणाले. “आता तक्रार कुणाकडे करू?” ते थोडा वेळ काठीच्या मुठीवर बोटं फिरवत राहिले. “सात पुढच्या दोन काचांवरही आहे. तिथे मिळाला तर मिळाला. पण तिथून उचलून हिच्यावर दाखवू नका. हिच्यापुढे ‘खूण गेली’ एवढंच लिही.”

“लिहिते.”

“कुणी पुसली, तेही.”

“तेही लिहिते.”

“बरं,” मामंजी म्हणाले. “पुढची काढ.”