किल्ली कुणाच्या हातानं?

निपाणीच्या एका गल्लीत एक मोठी सभ्य चाल होती. सभ्य अशी, की तीत माणसाचं घर जाई आणि वर त्याचीच वाहवा होई! गहाण टाकलेल्या घराची मुदत टळली, की घरधनिणीनं उंबऱ्यावर नारळ ठेवायचा, हळदीकुंकू वाहायचं आणि घराची किल्ली आपल्या हातानं सावकाराला द्यायची. गल्ली म्हणे, 'शब्दाला जागला हो!' आणि शब्दाला जागलेला माणूस बायकापोरांना घेऊन भाड्याची खोली शोधत फिरे.

१९३७च्या उन्हाळ्यात ही पाळी गुंडू सुतारावर आली. गुंडू मिस्त्रीनं केलेली बैलगाडी कोगनोळीपासून संकेश्वरापर्यंत नावाजलेली. पण सडकेवर लॉऱ्या धावू लागल्या, तंबाखूची बोदं, ती मोठाली गाठोडी, लॉरीतून जाऊ लागली आणि नवी गाडी करून घेणारं गिऱ्हाईक आटलं. कामाची शेड बांधायला त्यानं रवळूशेट सावकाराकडं घर गहाण ठेवलं होतं. कागदातच अट होती, की मुदतीत पैसे फिटले नाहीत तर घर शेटचं. ती मुदत आज संपत होती.

दुपारी गुंडूनं नारळ आणून बायकोपुढं ठेवला.

"उद्या सकाळी शेट येतील. त्येंच्या हातात किल्ली दे."

"मी?" आक्काताईनं विचारलं.

"घरधनीण तूच न्हवं? रीतच हाय तशी."

"घर शेटचं झालं असंल तर त्येनं आपल्या हातानं घ्यावं की! माझ्या हातानंच कशापायी?"

उत्तर नसलं की नवरे करतात तेच गुंडूनंही केलं, तो ओरडला. आक्काताईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि थेट दत्तोपंत वकिलांच्या घराची वाट धरली. पंत चिकोडीच्या कोर्टात वकिली करीत आणि राहायला इथंच, मागच्या गल्लीत.

"अगं, थांब! शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू न्हाय!" म्हणत गुंडू मागोमाग आला. तोवर आक्काताईनं पंतांना सगळं सांगूनही टाकलं होतं.

पंत हसले. "म्हण खरी आहे, मिस्त्री. पण ती तुम्हाला शिकवतो कोण, तेही बघावं. तुमचे रवळूशेट आठवड्यातून दोनदा त्याच पायरीवर भेटतात मला! आणि बाई, तुमचा प्रश्न लाख मोलाचा. तुमच्याच हातानं का? कारण त्यांच्या हातानं ते होत नाही!"

"म्हंजी वो?"

"गहाण ते गहाणच. मुदत टळली म्हणून एका रात्रीत घर सावकाराचं होत नाही. त्यांना दावा लावावा लागेल. तुम्हाला समन्स येईल. ते मात्र घ्यायचं, दार लावून आत बसायचं नाही. दार लावलंत तर तुमच्या माघारी निकाल होईल. हजर राहिलात तर कोर्ट हिशेब करील आणि पैसे भरायला सहा महिने देईल. कारण सबळ असलं तर आणखी मुदतही मागता येते. तेवढ्यात पैसे भरा, घर मोकळं! अगदीच जमेना तर चांगलं गिऱ्हाईक बघून तुम्हीच घर विका, कर्ज भागवा, उरेल ते तुमचं. उद्या किल्ली दिलीत तर हे सगळे रस्ते तुम्हीच अवघड करून घ्याल."

"पर पंत, शब्द?" गुंडू म्हणाला. "मी शब्द दिलाय."

"कशाचा दिलाय? कर्ज फेडायचा ना? मग तो पाळा की! शेड, घर, अंगण मिळून कर्जाच्या दुप्पट किमतीचा माल त्यांच्या पदरात टाकायचा, याला शब्द पाळणं कोण म्हणतो?"

"फेडू कशानं? गाड्या कोण घेतंय आता?"

"लॉरीला लाकडी बॉडी लागती," आक्काताई म्हणाली. "बेळगावास्नं करून आणत्यात. लॉरीवाल्याचा माणूस दोनदा आलता इचारायला. तुमी हाकललासा."

"माझ्या पोटावर पाय दिला त्या लॉरीनं! तिला मी फळी ठोकू?"

"घर घालवण्यापरीस ठोका!"

गुंडू उठून निघून गेला. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी रवळूशेट आले. धुवट धोतर, डोक्याला पटका, चेहऱ्यावर लग्नाला आल्याचा आनंद. गल्ली जमली. शेजारची अंबुबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं झाली. आक्काताई दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला लावून.

"किल्ली मिळणार न्हाय, शेट."

गल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं आक्का, गल्लीची अब्रू!" अंबुबाई पुटपुटली.

शेट गुंडूकडं वळले. "मिस्त्री, बायकोच्या तोंडून शब्द मोडता व्हय?"

गुंडूनं मान वर केली. आक्काताईचा जीव टांगणीला लागला होता. मग तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला!

"शेट, तुमचं पैसं मी बुडवणार न्हाय. शब्द पैशाचा दिलता, त्यो पाळणार. घरच पायजे असंल तर चिकोडीला या. तितं मीबी हाय!"

शेट हात हलवीत परत गेले. पुढं दावा लागला. समन्स आलं, ते गुंडूनं कट्ट्यावर बसून, सगळ्यांदेखत सही करून घेतलं. कोर्टानं सहा महिने दिले. ज्या लॉरीवर तो थुंकत होता, तिचीच बॉडी त्यानं शेडमध्ये उभी केली. पहिले दोन दिवस तोंड कडू करून, मग गाणं म्हणत. सहा महिने पुरले नाहीत. पंतांनी झालेलं काम दाखवून मुदत वाढवून मागितली, ती मिळाली. कमी पडलेल्या रकमेसाठी घरची बैलजोडी विकताना गुंडू पोरासारखा रडला. पण शेवटची रक्कम कोर्टात भरली आणि घर सुटलं! अंबुबाई आता गल्लीत सांगत फिरते, "आदी वकिलाला इचारा, मग रीत बघू."

वाचकहो, घेतलेलं कर्ज फेडलंच पाहिजे, त्यात गुंडूला सूट नाही आणि तुम्हा-आम्हालाही नाही. पण लोक काय म्हणतील या भीतीनं हक्क सोडून देणं हा कुठला धर्म? कायद्यानं आपल्याला वेळ दिला आहे, बोलायला जागा दिली आहे. ती न मागता नांदती घरं सोडणाऱ्यांची वाहवा पुरे झाली! कुणाला आपलं घर हवं असेल तर त्यानं न्यायाधीशासमोर येऊन मागावं. तोवर उंबरठा आपला, आणि त्यावर उभे आपणच!