चोरबटण

मनोहरराव पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. ब्याऐंशी साली धंतोलीत, घरासमोर उभ्या असलेल्या त्यांच्या फियाटची डिकी फोडून कोणीतरी स्टेपनी नेली, तेव्हापासून त्यांना कोणाचाच भरवसा वाटेना.

एका मासिकात अलार्मची आकृती सापडली. बर्डीच्या बाजारातून हॉर्न, वीज जोडणारा-तोडणारा रिले आणि वायर आणून दोन रविवार ते बॉनेटमध्ये डोकं घालून बसले. आता दार उघडलं की हॉर्न बोंबलायचा. शिवाय इंजिनच्या कॉइलकडे जाणारी वायर मधेच तोडून त्यांनी रिलेमधून फिरवली आणि सीटखाली एक चोरबटण बसवलं. ते दाबल्याशिवाय गाडी चालूच होणार नाही. हॉर्न त्यांनी साऱ्या गल्लीला वाजवून दाखवला. बटणाचं मात्र बायकोलाही सांगितलं नाही.

पुढच्याच आठवड्यात कामठीला जाताना गाडी झटके मारायला लागली. खड्डा आला की इंजिन दम सोडायचं, पुन्हा धरायचं. सुहासिनीबाई म्हणाल्या, "अहो, परवाच तर धोंडबानं कार्बोरेटर साफ केला ना?"

तेच मनोहररावांच्या डोक्यात बसलं.

धोंडबा मिस्त्रीची टिनाची शेड रेल्वेलाईनीपलीकडे होती. चौदा वर्षं ही गाडी त्याच्याच हातात होती. शेडमध्ये गाडी सोडताना मनोहरराव चोरबटण गुपचूप दाबून ठेवायचे. त्यानं प्लग बदलले, पॉइंट घासले, कंडेन्सर नवा टाकला. गाडी जागेवर ठीक चालायची, रस्त्यावर नेली की तेच.

"साहेब, गाडीत काही नवीन काम केलं का?" त्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"हॉर्न लावलाय फक्त. त्याचा इंजिनशी काय संबंध?"

धोंडबानं मान डोलावली आणि कार्बोरेटर पुन्हा खोलला. तिसरा दिवसही तसाच गेला.

चौथ्या दिवशी शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोरच मनोहरराव म्हणाले, "धोंडबा, हा कार्बोरेटर माझाच आहे ना? का माझा दुसऱ्या गाडीत गेला?"

धोंडबाचा हात थांबला. मग कॉइलजवळची वायर हातात धरून तो तिच्यामागं मागं जात राहिला, डॅशबोर्डखाली पाठीवर झोपला आणि पाच मिनिटांनी रिले ओढून बाहेर काढला. आतले कॉन्टॅक्ट जळून काळे झाले होते. गाडी हादरली की वीज तुटत होती. त्यानं तोडलेली वायर थेट जोडली, गाडी रेल्वेफाटकापर्यंत नेऊन आणली. एकही झटका नाही.

"हे कोणं लावलं?"

"मी."

"तीन दिवस मी इथं डोकं फोडून राहिलो, साहेब. मी इचारलं तवा सांगतलं काहून नाही?"

'चुकलं माझं' हे शब्द मनोहररावांच्या ओठांवर आले होते. पण गिऱ्हाइकं बघत होती. ते म्हणाले, "सीटखाली बटण आहे. कोणाला सांगू नकोस."

धोंडबानं चिंधीला हात पुसले आणि किल्ली बॉनेटवर ठेवली.

घरी त्यांनी सगळं तुटक तुटक सांगितलं. सुहासिनीबाई ऐकून घेत राहिल्या.

"म्हणजे बटण तुमचं, आणि चोर तो?"

"तेव्हा तसं वाटलं."

"आणि मला का नाही सांगितलं? मी काय गाडी पळवून नेणार होते?"

त्या आत निघून गेल्या. त्यानंतर गाडीत बसताना त्यांनी कधी कशाला हात लावला नाही. दारसुद्धा मनोहररावच उघडून देत.

मे महिन्यात ब्रेक नीट लागेनासे झाले. दुसरा मिस्त्री शोधायचं मनोहररावांच्या मनात होतं, पण गाडी शेवटी त्याच शेडकडे वळली. पूर्वी ते किल्ली देऊन सरळ ऑफिसला जायचे. या वेळी धोंडबानं लोखंडी स्टूल आणून गाडीसमोर ठेवलं.

"बसा, साहेब. तुम्ही बसल्याबिगर मी पाना लावत नाही."

तापलेल्या टिनाखाली मनोहरराव चार तास बसले. घाम टिपून टिपून रुमाल पिळायला आला. ब्रेकमधून निघालेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक स्प्रिंग धोंडबा त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर मांडत होता.

"पाहून घ्या, साहेब."

"राहू दे ना आता, धोंडबा."

"नाही. पाहून घ्या."

मनोहररावांनी वाकून पाहिलं.