विसरलेली सात नावे

"ओळखीचे आहेत का तुमच्या?" हेलेनाबाईंनी विचारले.

बिश्केकच्या दक्षिणेला, चुंकुर्चाकच्या खोऱ्यात जिथे डांबरी रस्ता संपतो, तिथे आमची गाडी थांबली होती. समोरून एक म्हातारा तीन घोडे घेऊन येत होता. डोक्यावर पांढरी नमद्याची टोपी, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, चालताना उजवा खांदा किंचित खाली. आम्हांला पाहून त्याने लगाम एका हातात घेतले आणि दुसरा हात वर केला. चेहराभर हसू होते.

"नाही," मी म्हणालो. "घोडेवाला आहे. कंपनीनं पाठवलाय."

हे मी रशियनमध्ये बोललो. माझ्या वयाच्या कोणाही किर्गीझ माणसाला रशियन समजते, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तो पाच पावलांवर होता. वर केलेला हात खाली आला आणि घोड्याच्या मानेवर जाऊन बसला. ओठांवर आलेला शब्द त्याने गिळला. मग टोपीला हात लावून तो म्हणाला, "नमस्कार बाई. नमस्कार, मास्तर."

तो माझा सख्खा थोरला भाऊ होता, बेइशेन.

असे मी का म्हणालो, याचे उत्तर आदल्या दिवशीच्या शहरातल्या फेरफटक्यात आहे. निदान मी तरी स्वतःला तसे सांगतो. मी बिश्केकच्या एका ग्रंथालयात छत्तीस वर्षे पुस्तकांच्या सूच्या केल्या. निवृत्त झाल्यावर शेजारची ऐपेरी, जी पर्यटकांची व्यवस्था बघते, मला म्हणाली, "एसेन आजोबा, पुस्तकं वाचणारे पाहुणे आले की मी तुम्हांला बोलावीन. पोरांना नुसते डोंगर दाखवता येतात." हेलेनाबाई तशा पाहुण्या होत्या. प्रागच्या. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, रशियन चांगले बोलणाऱ्या. ओकच्या झाडांखालून, पाटाच्या कडेने आम्ही सकाळभर हिंडलो. दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्याच्या टोकाला बर्फाचे डोंगर दिसत होते आणि त्या दर वेळी थांबून बघत होत्या. पुस्तकांविषयी आम्ही इतके बोललो की माझा घसा बसला. माझे इतके बोलणे कोणी ऐकून घेतल्याला बरीच वर्षे झाली होती.

एका बाकावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या घरातच पुस्तकं असणार. वडील काय करत?"

"शिक्षक होते," मी म्हणालो.

माझे वडील मेंढपाळ होते. सही करता येत नव्हती, अंगठा लावत. ते वारले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि बेइशेन चौदाचा. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत गेला नाही. सामूहिक शेताच्या मेंढ्या त्याने राखल्या आणि मी शिकलो. शहरातल्या वसतिगृहात तो हिवाळ्यात एकदा यायचा, खांद्यावर वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांचे पोते घेऊन. खोलीतल्या मुलांनी विचारले तेव्हाही मी म्हणालो होतो, "आमच्या शेतावरचा माणूस." त्या वेळी तो जिन्यात होता. त्याने ऐकले नव्हते, असे मी पन्नास वर्षे धरून चाललो आहे.

नेहमीचा घोडेवाला पाय मोडून पडला होता. ऐपेरीने फोनवर सांगितले, "वरच्या गावातला एक म्हातारा मिळालाय, घोडे चांगले आहेत त्याचे." नाव मी विचारले नाही. विचारले असते तर आजारपणाचे निमित्त केले असते की काय, सांगता येत नाही.

आम्ही चढू लागलो. हेलेनाबाई घोड्यावर पहिल्यांदाच बसत होत्या, म्हणून बेइशेनने त्यांच्या घोड्याचा लगाम आपल्या हातात ठेवला. मी मागे होतो. जुनिपरच्या झुडपांमधून त्यांचे बोलणे तुटक तुटक ऐकू येत होते.

"किती वर्षं घोडे सांभाळताय?"

"पायांवर उभा राहिलो तेव्हापासून, बाई. आधी मेंढ्या. मेंढ्या गेल्या, तेव्हा घोडे."

"एसेनसाहेबांसारखा माणूस बरोबर असणं हे माझं भाग्य. त्यांचे वडील शिक्षक होते, माहीत आहे का तुम्हांला?"

बेइशेनने लगाम दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "हो का? दिसतंच त्यांच्याकडे बघून."

ओढ्यापाशी घोड्यांना पाणी पाजायला आम्ही थांबलो. हेलेनाबाई पुढे जाऊन फुलांचे फोटो काढत होत्या. मी त्याच्याजवळ गेलो. आमच्या भाषेत, खालच्या आवाजात म्हणालो, "आके, ऐक ना." थोरल्या भावाला आम्ही आके म्हणतो.

"घोडा पाणी पितोय, मास्तर. मध्ये बोलू नका, बुजतो."

"आके, तोंडातून निघून गेलं."

"कुठल्या शाळेत होते म्हणे तुमचे वडील?" तो घोड्याच्या तोंडाकडे बघत म्हणाला. "आमच्या गावच्या की शहरातल्या? मला पोरांना सांगायला बरं."

"परत जाताना सांगतो मी बाईंना. शपथ."

"कशाला? बाई खूश आहेत. तुम्ही खूश आहात. घोडेसुद्धा खूश आहेत." त्याने घोड्याच्या ओल्या तोंडावरून तळहात फिरवला. "चला. ओमुरकुलचं मटण शिजून तयार असेल."

आमचे जेवण ज्याच्याकडे ठरले होते त्या ओमुरकुलचा तंबू कुरणाच्या वरच्या अंगाला होता. धुराच्या झरोक्यातून वाफ येत होती. तो स्वतः बाहेर उभा राहिला होता, लाल गालांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. दोन उन्हाळ्यांपूर्वी तो या खोऱ्यात आला होता आणि बेइशेनला त्याने कधी पाहिले नव्हते. त्याची बायको बुरुल हात धुवायला पाणी घालत होती. पाहुणी परदेशी, म्हणून त्या घरात मेंढरू कापले होते.

आत आम्हांला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवले. बेइशेन दाराजवळच टेकला.

"अहो म्हातारबा, तुम्ही तर सगळ्यांत मोठे दिसता," ओमुरकुल म्हणाला. "वर या, वर. तिथं थंड वारा लागेल."

"इथंच बरा. घोड्यांवर लक्ष राहतं."

"घोडे काय पळून शहरात जाणार आहेत?"

"गेलेले आहेत काही," बेइशेन म्हणाला. बुरुल हसली. मी कुमिसचा वाडगा तोंडाला लावला. घोडीच्या आंबवलेल्या दुधाची चव मला लहानपणापासून आवडते.

मांसाचे थाळे आले तेव्हा ओमुरकुलने सुरी हातात घेतली आणि मांडी घालून ताठ बसला. "आता सांगा, कोण कोणाचा? मेंढराचं डोकं कोणाला द्यायचं ते मला कळायला हवं." मग हेलेनाबाईंकडे बघून मला म्हणाला, "बाईंना सांगा, आमच्याकडे हाडं बघून नाही, माणसं बघून वाटतात."

मी सांगितले. कोणाच्या वाट्याला कोणता तुकडा हे वयावरून आणि कुळावरून ठरते, आणि प्रत्येक पुरुषाला आपल्या बापापासून वरच्या सात पिढ्या तोंडपाठ असतात, हे सगळे मी नीट, एखाद्या पुस्तकातले वाचावे तसे समजावून सांगितले. हेलेनाबाईंनी वही काढली.

ओमुरकुलने आपल्या सात नावांची माळ गडगडाटासारखी म्हटली. मग म्हणाला, "आता तुम्ही, साहेब."

मला त्या क्षणी काय होणार ते दिसायला हवे होते. दिसलेही असेल. पण हेलेनाबाई पेन घेऊन माझ्याकडे बघत होत्या आणि मी आयुष्यात फार थोड्या वेळा कोणाला असा आवडलो आहे. मी म्हणालो, "सागिन. तुलेबेर्दी. जानिक. मेदेत. एशीम. बोजॉय. तोरगोय."

ही नावे मी पाच वर्षांचा असताना शिकलो. बेइशेन मला आपल्या पुढ्यात खोगिरावर बसवून कळपामागे नेई. एक नाव चुकले की माझा कान ओढे, पुन्हा चुकले की दुसरा. तोरगोयपर्यंत पोहोचेतो माझे दोन्ही कान लाल झालेले असत आणि मग तो आपल्या खिशातला वाळवलेला जर्दाळू माझ्या तोंडात घाली.

"वा!" ओमुरकुलने मांडीवर थाप मारली. "शहरात राहूनसुद्धा! बघ बुरुल, शिकलेला माणूस असा असतो." मग सुरीचे टोक दाराकडे वळवून म्हणाला, "तुमची होऊ द्या, म्हातारबा."

बेइशेन टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसला होता. बाहेर घोडे गवत तोडत होते ते तंबूत ऐकू येत होते. त्याने ती नावे म्हटली असती, म्हणजे नुसते "सागिन" म्हटले असते, तरी ओमुरकुलच्या हातातली सुरी थांबली असती. सात नावे सारखी असलेली दोन माणसे या डोंगरात भाऊच असतात. बेइशेनला ते माहीत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी बोलायला हवे होते. तीन शब्द पुरले असते: हा माझा भाऊ. माझे तोंड उघडले होते. मला चांगले आठवते, कारण ते कोरडे पडले.

"विसरलो," बेइशेन म्हणाला.

"काय?"

"नावं विसरलो."

ओमुरकुल आधी हसला, मग हसू थांबवून नीट बघू लागला. "दाढी पांढरी झाली आणि बापजाद्यांची नावं विसरलात? अहो, माझ्या मेंढीला सुद्धा आपली आई कळते! बापाचं तरी नाव आहे का लक्षात?"

"ते पण गेलं."

"मग आहात कोणाचे तुम्ही?"

"घोड्यांचा," बेइशेन म्हणाला. "हवं तर त्यांच्या सात पिढ्या सांगतो. त्या तपकिरीची आई लंगडी होती, तिची आई शर्यत जिंकलेली..."

बुरुल तोंडाला रुमाल लावून हसली. ओमुरकुलही हसला, पण त्या हसण्यात आता मान उरला नव्हता. त्याने अख्खे डोके माझ्यापुढे ठेवले. दाराकडे त्याने बरगडीचा एक बारीक तुकडा पाठवला, आमच्याकडे घरातल्या पोरांना देतात तो. बेइशेनने तो दोन्ही हातांनी घेतला आणि बिस्मिल्ला म्हणून खाल्ला.

"काय झालं? सगळे का हसले?" हेलेनाबाईंनी मला विचारले.

"त्यांना त्यांच्या पूर्वजांची नावं आठवत नाहीत," मी भाषांतर केले.

"अरेरे. शिकायला मिळालं नसेल बिचाऱ्यांना."

"नसेल," मी म्हणालो.

हे लिहितानाही मी स्वतःला थोडा बरा ठरवतो आहे की काय, अशी शंका येते. मी ते डोके खाल्ले का? खाल्ले. मानाचा पदार्थ नाकारणे हा यजमानाचा अपमान होतो. गालाचे मांस मऊ होते. शेवटी मी हात पुसले, सगळ्यांबरोबर तळहात वर करून आशीर्वाद मागितला आणि यजमानाचे आभार मानणारे चार शब्दही बोललो. चांगले बोललो.

उतरताना ढग आले. बेइशेन पुढे होता आणि अख्ख्या वाटेत त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. त्याची पाठ माझ्या वडिलांसारखी दिसत होती, हे मला पूर्वी कधी जाणवले नव्हते. बोलायचे ते मी मनात जुळवत होतो. आधी बाईंना सांगायचे की वडील शिक्षक नव्हते, की मग हा माझा भाऊ आहे, की उलट? ग्रंथालयात मी कार्डांचा क्रम लावायचो, तसा मी वाक्यांचा क्रम लावत होतो आणि प्रत्येक वेळी पहिले कार्ड सापडत नव्हते.

गाडीपाशी पोहोचलो. हेलेनाबाई खाली उतरल्या, पाय दुखत असूनही हसत होत्या. ड्रायव्हरने दार उघडले. आता नाही तर कधीच नाही, असे वाटले आणि मी एकदम, कोणत्याच क्रमाशिवाय, म्हणालो, "हेलेना, हा माझा भाऊ आहे. थोरला. याच्यामुळे मी शिकलो. तिथं वर यानं मुद्दाम... नावं याला येतात. मलाच यानं शिकवली."

हेलेनाबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. त्यांचे हसू अर्धवट राहिले होते. "खरं?" त्यांनी त्याला विचारले.

बेइशेन खोगिराचा पट्टा ढिला करत होता. त्याने शांतपणे काम पुरे केले. मग मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाला, "नाही हो, बाई. कुमिस चढलाय मास्तरांना. सवय नसली की उतारावर चढतो तो. सगळ्यांना भाऊ म्हणायला लावतो."

"आके," मी म्हणालो.

"मला कोणी भाऊ नाही, बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. सकाळी ओढ्यावर होता तितकाही नव्हता. "आता बसा गाडीत, पाऊस येतोय."

हेलेनाबाईंनी त्याचा निरोप घेतला आणि गाडीत जाऊन बसल्या. काही न कळल्यासारख्या, किंवा सगळे कळल्यासारख्या; मला त्यांच्याकडे बघवेना. मी तिथेच उभा राहिलो. त्याला मिठी मारावी असे वाटत होते, पण त्यासाठी त्याने हात पसरायला हवे होते. मी माझा उजवा हात पुढे केला.

बेइशेनने टोपी सरळ केली, एक पाऊल पुढे आला, आणि धाकट्याने मोठ्याशी करावे तसे, किंचित वाकून, त्याने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचे हात खडबडीत, कोमट होते. मी ते धरून ठेवण्याआधीच त्याने काढून घेतले, लगाम गोळा केले, आणि तिन्ही घोडे घेऊन तो पुन्हा वरच्या वाटेला लागला.